काट्यावरची नजर : ऑक्सिजन कक्षातील छोट्या संगणकाविषयी

आपल्या रुग्णालयाच्या मागील बाजूस ऑक्सिजन मॅनिफोल्डची खोली आहे. तिच्या खिडकीच्या काचेला बाहेरून एक लहानशी करडी पेटी बसविलेली आहे. वर्षभरात अनेक देणगीदारांनी, विश्वस्त मंडळाच्या सन्माननीय सदस्यांनी आणि रुग्णांच्या आप्तांनीही 'ही पेटी कशाची?' अशी पृच्छा केली. काहींना तो चोरांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा वाटला, तर काहींनी 'रुग्णांचे चित्रण तर होत नाही ना?' अशी रास्त शंकाही बोलून दाखविली. या सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, पेटीचा उपयोग सांगावा आणि तिच्या बाबतीत आमच्या हातून झालेली चूकही लपवू नये, या हेतूने प्रस्तुत लेख अहवालात समाविष्ट करीत आहोत.

थोडक्यात सांगावयाचे तर ही पेटी एका घड्याळासारख्या तबकडीकडे रात्रंदिवस पाहते आणि तिच्यावरील काटा कोठे आहे ते सांगते. त्यामागची विद्या मात्र समजून घेण्याजोगी आहे.

काटा काय सांगतो

आपल्याकडे ऑक्सिजनच्या मोठ्या, म्हणजे डी प्रकारच्या सिलिंडरांच्या दोन रांगा आहेत. प्रत्येक रांगेत ६ सिलिंडर असतात. एक रांग चालू असते व दुसरी भरलेली, राखीव असते. चालू रांग संपत आली की कर्मचारी हाताने झडप फिरवून दुसरी रांग सुरू करतात. प्रत्येक रांगेवर दाबमापक, म्हणजे बोलीभाषेत गेज, बसविलेले आहे. त्यातील वाकवलेली चपटी नळी वायूच्या दाबाने किंचित सरळ होऊ पाहते व तिच्या त्या हालचालीवर काटा फिरतो. फ्रान्समधील यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ साली या रचनेचे पेटंट घेतले. पावणेदोनशे वर्षे झाली तरी ती जगभर वापरात आहे, कारण तिला वीज लागत नाही.

भरलेल्या सिलिंडरात सुमारे १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब असतो. सिलिंडरची पोकळी सुमारे ४६.७ लिटरची, म्हणजे त्यात मोकळ्या हवेच्या दाबाने मोजल्यास अदमासे ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. ऑक्सिजन सिलिंडरात वायुरूपातच दाबून भरलेला असल्यामुळे जसा तो वापरला जातो तसा दाब त्याच प्रमाणात उतरतो. काटा निम्म्यावर आला म्हणजे निम्मा ऑक्सिजन उरला, असा सरळ हिशेब करता येतो. भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचे तसे नाही. तो सिलिंडरात द्रवरूपात असतो आणि द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत त्याचा काटा जागेवरून फारसा हलत नाही. त्याचा साठा वजन करूनच कळतो. म्हणून ही पेटी फक्त ऑक्सिजनसाठी आहे.

एखाद्या रुग्णास मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागत असेल तर एक भरलेला सिलिंडर त्याला ७०० मिनिटे, म्हणजे ११ तास ४० मिनिटे पुरतो. असे ५ रुग्ण असतील तर ६ सिलिंडरांची रांग १४ तास चालते. रुग्ण ९ झाले की तीच रांग पावणेआठ तासांत रिकामी होते. रुग्णसंख्या रात्रीतून बदलते, म्हणून 'संध्याकाळी पाहिले तेव्हा भरपूर होता' या वाक्यावर कोणत्याही रुग्णालयाने विसंबून राहू नये. २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने हा धडा सर्वांनाच दिला.

येथे जाणकार वाचक विचारतील की, दाब उतरला की वाजणारी घंटा वॉर्डात नसते काय? असते, आणि ती आपल्याकडेही आहे. परंतु ती वॉर्डाकडे जाणाऱ्या नळीतील दाबावर चालते. सिलिंडरातील उच्च दाब रेग्युलेटरमधून उतरवून नळीत सुमारे ४ किलोवर स्थिर ठेवलेला असतो. सिलिंडरात १५० असो वा २० असो, नळीतील दाब तोच राहतो. रांग जवळजवळ रिकामी झाल्यावरच तो ढळतो आणि तेव्हा घंटा वाजते. ती घंटा अत्यावश्यक आहे. परंतु तिची सूचना शेवटच्या क्षणाची असते. आगाऊ सूचना हवी तर सिलिंडरकडच्या काट्याकडेच पाहावे लागते.

पेटीत काय आहे

सिलिंडरकडच्या नळीवर विजेवर चालणारा दाबसंवेदक बसविणे हा राजमार्ग खरा. परंतु त्यासाठी उच्च दाबाची जोडणी सोडवावी लागते, पुरवठा काही काळ थांबवावा लागतो व ते काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे लागते. कॅमेऱ्याने नुसते पाहावयाचे तर कोणत्याही नळीस हात लावावा लागत नाही. शिवाय ऑक्सिजनच्या सान्निध्यात ठिणगी किंवा तेल-ग्रीस यांचा अंश अतिशय धोकादायक असतो. म्हणून विजेची कोणतीही वस्तू खोलीच्या आत न ठेवता पेटी काचेबाहेर बसविण्याचा निर्णय झाला.

पेटीत रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या जोडाएवढ्या आकाराचा संगणक आहे. इंग्लंडमधील केंब्रिज येथे शाळकरी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून काही अभियंत्यांनी हा संगणक घडविला. २०१२ च्या फेब्रुवारीत त्याची विक्री सुरू झाली, तेव्हा त्याच्या मॉडेल बी या प्रकाराची किंमत ३५ डॉलर ठेवलेली होती. मुलांसाठी केलेली ही वस्तू पुढे शेती, कारखाने व प्रयोगशाळा यांतही गेली. आपल्या पेटीत त्याची २०१९ साली आलेली चौथी आवृत्ती आहे. तिला ४ जीबी मेमरी आहे आणि नखाएवढे भिंग असलेला कॅमेरा चपट्या पट्टीने जोडलेला आहे.

संगणकाला डोळा दिला तरी दृष्टी येत नाही. कॅमेऱ्याचे चित्र म्हणजे संगणकाच्या लेखी लाखो आकड्यांचा तक्ता. त्या तक्त्यातून 'हे वर्तुळ, हा काटा' असे ओळखण्याच्या विद्येस संगणक दृष्टी म्हणतात. तिच्यासाठी लागणाऱ्या तयार आज्ञावलींचा जगात सर्वाधिक वापरला जाणारा संग्रह म्हणजे ओपनसीव्ही. इंटेल कंपनीत १९९९ साली गॅरी ब्रॅडस्की यांनी या कार्यास आरंभ केला. २००६ साली त्याची १.० आवृत्ती आली, २०१८ साली ४.० आली. हा संग्रह मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याचे परवानाशुल्क द्यावे लागत नाही आणि आतील प्रत्येक ओळ कोणासही वाचता येते. धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने पहिली गोष्ट जितकी महत्त्वाची, तितकीच दुसरीही आहे हे आम्हांस पुढे अनुभवाने कळले.

संग्रह बसविताना

हे काम आपल्या देखभाल विभागातील एका तरुण तंत्रज्ञाने आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी विनामोबदला केले. प्रारंभी विद्यार्थ्यांनी स्वतःजवळचा जुना, तिसऱ्या आवृत्तीचा रास्पबेरी पाय आणला. त्याची मेमरी अवघी १ जीबी. त्यांच्या हाती असलेल्या मार्गदर्शिकेनुसार ओपनसीव्हीचा मूळ मजकूर उतरवून घेऊन तो त्याच संगणकावर यंत्रभाषेत रूपांतरित करावयाचा होता. या कामाला कंपाइल करणे असे म्हणतात. घरी जात्यावर दळून पीठ करावे तसा हा प्रकार आहे. वेळ लागतो, परंतु आपणांस हवे तसे जाडे-बारीक दळून मिळते.

संगणकाचे चारही गाभे एकाच वेळी कामास लावण्यात आले. प्रत्येक गाभ्यास बरीच मेमरी लागते, ती १ जीबीत मावेना आणि अर्ध्याहून अधिक काम झाल्यावर संगणक निपचित पडला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. मेमरी अपुरी पडली की संगणक कार्डावरील काही जागा तात्पुरती मेमरी म्हणून वापरतो. तिला स्वॅप म्हणतात. त्या संगणकाच्या प्रणालीत ती केवळ १०० मेगाबाइट ठेवलेली होती. ती वाढवून आणि एकच गाभा कामास लावून यंत्र रात्रभर चालू ठेवले, तेव्हा सकाळी काम पूर्ण झालेले दिसले.

पुढे नवा संगणक घेतला तेव्हा हा सारा खटाटोप अनावश्यक असल्याचे ध्यानात आले. रास्पबेरी पायच्या अधिकृत प्रणालीच्या भांडारात ओपनसीव्ही तयार, दळलेल्या स्वरूपात मिळते व काही मिनिटांत बसते. पायथन भाषेच्या पिप या साधनानेही तयार संच मिळतात. तेथील आवृत्ती सहसा अधिक नवी असते. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बुकवर्म या प्रणालीपासून पिपला मुख्य प्रणालीत थेट काही बसवू दिले जात नाही. त्यासाठी स्वतंत्र आभासी कप्पा करावा लागतो. तसेच कॅमेरा चालविणारी पिकॅमेरा२ ही लायब्ररी भांडारातून आणि ओपनसीव्ही पिपमधून घेतली, तर दोघींना लागणाऱ्या गणिती संग्रहाच्या आवृत्त्या जुळत नाहीत असा प्रसंग येतो. आमच्याकडे तो आला व दोन दिवस त्यात गेले. अखेर दोन्ही वस्तू एकाच भांडारातून घेतल्या. आवृत्ती थोडी जुनी मिळाली, परंतु आमच्या कामास नव्या आवृत्तीतील काहीच लागत नव्हते. स्वतः कंपाइल करण्याची गरज एखादी खास सोय हवी असेल किंवा वेगाचा शेवटचा अंश काढावयाचा असेल तरच पडते. मिनिटातून काही वेळा एक काटा वाचण्यास तिचे प्रयोजन नाही.

हे काम करू इच्छिणाऱ्या अन्य संस्थांच्या उपयोगी पडावेत म्हणून चार अनुभव येथे नोंदवितो. पहिला विजेचा. या संगणकास ५ व्होल्ट व ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. आरंभी मोबाईलचा जुना चार्जर लावला होता, तेव्हा दाब कमी पडून यंत्र अधूनमधून आपोआप बंद-चालू होई. दुसरा उष्णतेचा. ८० अंश सेल्सियसला पोहोचला की हा संगणक आपला वेग स्वतः कमी करतो. मे महिन्यात पत्र्याच्या बंद पेटीत ती वेळ यावयास उशीर लागत नाही, म्हणून पेटीस झरोके ठेवले व उष्णता पसरविणारी ॲल्युमिनियमची पट्टी बसविली. तिसरा मेमरी कार्डाचा. वारंवार लिहिल्याने कार्ड झिजते आणि वीज अचानक गेल्यास त्यावरील मजकूर बिघडतो. म्हणून चित्रे कार्डावर न लिहिता तात्पुरत्या मेमरीतच ठेवली जातात, पेटी यूपीएसवर घेतली आहे आणि कार्डाची तयार प्रतिकृती कपाटात ठेवलेली असते. चौथा घड्याळाचा. या आवृत्तीत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. नेटवर्क नसताना यंत्र पुन्हा सुरू झाले तर ते चुकीची वेळ सांगते. त्यासाठी सेलवर चालणारे लहानसे घड्याळ वेगळे जोडावे लागले.

चित्रातून आकडा कसा निघतो

कॅमेरा तबकडीचे रंगीत चित्र घेतो. काटा शोधण्यास रंगांची गरज नसल्याने ते प्रथम करड्या छटांत बदलले जाते. (ओपनसीव्ही रंग निळा, हिरवा, लाल अशा क्रमाने ठेवते आणि इतर पुष्कळ साधने लाल, हिरवा, निळा अशा क्रमाने. हे ठाऊक नसल्याने पहिल्या दिवशी तबकडीवरचा लाल पट्टा निळा दिसला आणि कॅमेराच सदोष असावा असा आमचा समज झाला होता.) नंतर चित्र किंचित धूसर केले जाते, जेणेकरून काचेवरील धुळीचे बारीक ठिपके विरून जावेत. मग हफ रूपांतर या गणिती रीतीने तबकडीचे वर्तुळ व त्याचा मध्य शोधला जातो. मध्यापासून प्रत्येक अंशाच्या दिशेने एकेक रेषा कल्पून तिच्यावरील छटा तपासली जाते. ज्या दिशेस सर्वांत लांब काळी पट्टी आढळते तेथे काटा आहे. काट्याला मागे आखूड शेपटी असते, ती खरा काटा ठरू नये म्हणून लांबीची अट घातलेली आहे.

दिशा मिळाली की त्रैराशिक उरते. आमची तबकडी ० ते २५० किलोची आहे व त्यासाठी काटा २७० अंश फिरतो. म्हणजे १ अंशास सुमारे ०.९३ किलो. दोन-तीन अंशांची चूक झाली तरी दोन-तीन किलोंचाच फरक पडतो व आमच्या कामास तेवढी अचूकता पुरते. एका चित्रावर विसंबून न राहता लागोपाठ घेतलेल्या अनेक चित्रांतील मधले मूल्य ग्राह्य धरले जाते. त्यामुळे काचेपुढून कोणी गेले तरी आकडा उडत नाही. सर्वांत अधिक त्रास प्रकाशाने दिला. दुपारी काचेवर उन्हाची तिरीप येई आणि रात्री बाहेरच्या दिव्याचे प्रतिबिंब पडे. काळ्या पुठ्ठ्याची झापड आणि बाजूने तिरकस प्रकाश टाकणारा एक लहान दिवा, या दोन साध्या उपायांनी जे साधले ते आज्ञावलीत महिनाभर केलेल्या दुरुस्त्यांनी साधले नव्हते.

हा आकडा आणि उतरण्याच्या वेगावरून काढलेला 'अजून किती तास पुरेल' हा अंदाज नर्सिंग कक्षातील पडद्यावर दिसतो. दाब ४० किलोवर आला की गजर होतो. ६ सिलिंडरांत ४० किलो दाबास सुमारे ११,२०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटास ५० लिटर खपत असेल तर तो साडेतीन तासांहून थोडा अधिक, ९० लिटर खपत असेल तर दोन तास पुरतो. रांग बदलण्यास काही मिनिटे लागतात, हे ध्यानी घेता ही मुदत पुरेशी आहे.

एका रात्रीचा प्रसंग

आता आमच्या चुकीविषयी. पूर्वी ऑक्सिजन कक्षातील काटा दर तासाला पाहून वहीत लिहिण्याची पद्धत होती. पेटी दोन महिने बिनचूक चालली, तेव्हा रात्रपाळीच्या मामांचे हेलपाटे वाचावेत म्हणून आम्ही ही नोंद दर चार तासांनी घेण्याचा आदेश काढला. पुढील महिन्यापासून ती पूर्णपणे बंद करावी असेही आमच्या मनात होते. मेट्रनबाईंनी त्यास स्पष्ट विरोध केला. "साहेब, यंत्र पाहतंय हे कोण पाहणार?" असे त्या म्हणाल्या. आम्ही तो प्रश्न सवयीतून आलेली धास्ती समजलो. मनुष्यबळाच्या खर्चाकडे पाहण्याची आमची जुनी सवय त्या वेळी आमच्या विचारापुढे उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर एका रात्री ११ वाजता पडद्यावर ९२ किलो असा आकडा होता आणि वहीतही तोच लिहिला गेला. त्या रात्री ऑक्सिजनवरील रुग्ण नेहमीपेक्षा अधिक होते. पडद्यावर १२ वाजताही ९२ होते, १ वाजताही ९२ आणि २ वाजताही ९२. आकडा हिरव्या रंगात होता, शेजारची वेळ मिनिटामिनिटाला पुढे सरकत होती आणि गजर गप्प होता. कामाच्या गर्दीत कोणासही शंका आली नाही. पहाटे ३ वाजता मामा नेमाप्रमाणे वही घेऊन गेले. बॅटरीच्या उजेडात त्यांना काटा १५ वर दिसला.

त्यांनी पडदा खरा की काटा खरा याचा विचार करीत वेळ दवडला नाही. सिस्टरांना हाक दिली आणि राखीव रांग लगेच सुरू केली. वॉर्डातील पुरवठा क्षणभरही खंडित झाला नाही आणि कोणत्याही रुग्णास इजा पोहोचली नाही. परंतु नंतर आम्ही हिशेब मांडला तेव्हा हात थरथरले. मिनिटास ९० लिटरच्या खपाने त्या रांगेत पाऊण तासाचाच ऑक्सिजन उरला होता. वहीची फेरी आम्ही बंद केली असती, तर पहिली सूचना नळीवरच्या घंटेने, म्हणजे अगदी अखेरीस दिली असती. राखीव रांग भरलेली होती हे खरे, परंतु व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या बाबतीत रांग बदलण्याची ती काही मिनिटे कोणी मोजावयाची?

तपासात कारण सापडले. आज्ञावली दोन भागांची होती. एक भाग कॅमेऱ्याकडून चित्र आणून ठेवी व दुसरा भाग ठेवलेले चित्र वाची. ११ नंतर कधीतरी पहिला भाग बंद पडला. दुसऱ्यास त्याचा पत्ता नव्हता. तो इमानाने तेच जुने चित्र पुन्हा पुन्हा वाचीत राहिला आणि त्याखाली चालू वेळ छापीत राहिला. ओपनसीव्हीचा यात दोष नव्हता, संगणकाचाही नव्हता. समोर ठेवलेल्या चित्रातील काटा त्यांनी अचूक वाचला होता. ते चित्र केव्हाचे, हा प्रश्न विचारावयास आम्ही त्यांना सांगितले नव्हते. सारी आज्ञावली वाचता येण्याजोगी असल्यानेच विद्यार्थ्यांना एका दिवसात दोष शोधता आला, हेही नमूद केले पाहिजे.

आता काय व्यवस्था आहे

या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळापुढे आम्ही सर्व हकीकत ठेवली. मंडळाने पेटी काढून टाकण्याऐवजी तिच्यावर तपासणीची व्यवस्था बसविण्याचे ठरविले. आज ती पुढीलप्रमाणे आहे.

प्रत्येक चित्रावर ते घेतल्याची वेळ उमटते आणि पडद्यावर तीच दाखविली जाते. चित्र दोन मिनिटांहून जुने झाले की आकडा पुसला जाऊन 'वाचन नाही' अशी अक्षरे येतात व गजर वाजतो. एकामागून एक चित्रे तंतोतंत सारखी आली तरीही हेच घडते, कारण खऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांत सूक्ष्म फरक असतोच. संगणकातील वॉचडॉग नावाची यंत्रणा, आज्ञावलीकडून ठरावीक काळात खूण न मिळाल्यास, संगणक स्वतः पुन्हा सुरू करते. पडद्याच्या बाजूस वेगळी व्यवस्था आहे. पेटीकडून काहीच आले नाही तरी गजर होतो. रोज सकाळी तंत्रज्ञ भिंगापुढे पुठ्ठा धरतो आणि दोन मिनिटांत गजर झाला की वहीत सही करतो.

दर तासाची हाताने लिहिलेली नोंद पूर्ववत सुरू झाली आहे. वहीत आता दोन रकाने आहेत, एक डोळ्यांनी पाहिलेल्या आकड्याचा व दुसरा पडद्यावरच्या आकड्याचा. दोहोंत ५ किलोंहून अधिक फरक आला तर त्याचे कारण त्याच पाळीत शोधावयाचे. हिशेबाच्या कामात आमचे आयुष्य गेले. रोजकीर्दीतील शिल्लक आणि बँकेच्या पुस्तकातील शिल्लक यांचा ताळमेळ घेतल्यावाचून आम्ही कधी महिना बंद केला नाही. ताळमेळाचे महत्त्व दोन्ही नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असण्यात असते, हे आम्ही इतरांना शिकवीत आलो. ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र त्यांतील एक नोंद आम्ही स्वतःच पुसावयास निघालो होतो.

मग पेटीचा उपयोग तो काय, असे कोणी विचारील. दोन फेऱ्यांमधल्या साठ मिनिटांत ती पाहत राहते. किती तास पुरेल याचा अंदाज सतत समोर ठेवते. खप एकाएकी वाढला, किंवा कोठे गळती होऊन दाब अकारण उतरू लागला, तर ते तिच्या आलेखात प्रथम दिसते. पुरवठादाराकडे गाडी केव्हा मागवावी हे आता अंदाजाने ठरवावे लागत नाही. फेरीची जागा तिने घ्यावी अशी अपेक्षा आम्ही आता ठेवीत नाही. नळीवरील घंटा, वहीची नोंद व ही पेटी अशा तीन गोष्टी परस्परांवर लक्ष ठेवून आहेत.

रुग्णांच्या आप्तांसाठी

पेटीतील भिंग फक्त तबकडीकडे रोखलेले आहे. रुग्ण, वॉर्ड किंवा मार्गिका तिच्या नजरेत येत नाहीत. चित्रे रुग्णालयाबाहेर पाठविली जात नाहीत व काही मिनिटांत नव्या चित्रांखाली पुसली जातात. आकड्यांची नोंद तेवढी राहते. ओपनसीव्हीत माणसांचे चेहरे शोधण्याचीही साधने आहेत, परंतु ती आम्ही वापरलेली नाहीत. रुग्णखाटांवर असे कॅमेरे बसविण्याच्या सूचना अधूनमधून येतात. रुग्णाच्या संमतीचा, त्याच्या लाजेचा आणि २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा विचार केल्यावाचून त्या दिशेने एकही पाऊल टाकू नये, असे मंडळाचे मत आहे व आम्हीही त्याच मताचे आहोत.

अखेरीस, ज्या देणगीदारांच्या निधीतून हे साहित्य आले त्यांचे, विनामोबदला काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि आमचे न ऐकता स्वतःचे मत मांडणाऱ्या मेट्रनबाईंचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. त्या पहाटे वही घेऊन खोलीपर्यंत चालत गेलेल्या मामांचा विश्वस्त मंडळाने वार्षिक सभेत शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला. ते बोलावयास उठले नाहीत. सभा संपताच त्यांनी घड्याळ पाहिले आणि तासाची नोंद घेण्यासाठी ते निघून गेले.

कोणत्याही धर्मादाय रुग्णालयास ही आज्ञावली, पेटीची रचना व तपासणीच्या वहीचा नमुना हवा असल्यास तो विनामूल्य देण्यात येईल. पेटी प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्या हितचिंतकांनी कार्यालयीन वेळेत अवश्य यावे. आम्ही त्यांना प्रथम वही दाखवू व नंतर पेटी.